अडीच रुपये मणाचे मीठ आणि बेळगावचा करार

निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले की वाटेत कागल लागते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे आरंभीचे शिक्षण याच गावी झाले. १९०२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले, त्या वेळी मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. तिजोरीत शिल्लक पडत असता गरिबाच्या मिठावर एवढा भार कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. पण सभासदांना बोलण्याची मुभा असे, मत देण्याची नसे. पुढे हा कर टप्प्याटप्प्याने उतरला आणि १९०७ साली एक रुपयावर आला.

मताचा अधिकार १९१९ च्या कायद्याने मिळाला, तोही अर्धामुर्धा. लष्कराचा खर्च, कर्जाचे व्याज, बड्या अधिकाऱ्यांचे पगार या रकमा मतास टाकल्याच जात नसत. उरलेल्यांपैकी एखादी मागणी सभेने फेटाळली, तर ती पुन्हा मंजूर करून घेण्याचा अधिकार व्हाइसरॉयच्या हाती होता. याचा प्रत्यय १९२३ साली आला. मधल्या काळात सव्वा रुपयावर गेलेला मिठाचा कर अर्थखात्याचे सभासद सर बेसिल ब्लॅकेट यांनी एकदम दुप्पट केला. सभेने नकार दिला; लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या अधिकारात तो कायम केला. मीठ पुन्हा अडीच रुपयांवर!

त्याच वर्षाअखेर निवडणुका झाल्या. कायदेमंडळावर बहिष्कार घालावा की आत शिरून अडवणूक करावी, या प्रश्नावर राष्ट्रसभेत फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट पडले होते. देशबंधू दास व पंडित मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष आत शिरला. महाराष्ट्रात नरसिंह चिंतामण केळकर त्या बाजूस होते. १९२४ च्या मार्चमध्ये मोतीलालजींनी जीनांच्या स्वतंत्र गटाची साथ मिळवून जकात, प्राप्तिकर, मीठ आणि अफू या पहिल्या चार मागण्या फेटाळून लावल्या. पाठोपाठ अर्थविधेयक मांडण्याची परवानगीही सभेने ६० विरुद्ध ५७ मतांनी नाकारली. तीन मतांचा हा विजय केवढा मोठा वाटला असेल! विधेयक अर्थातच व्हाइसरॉयच्या अधिकारात संमत झाले. मात्र मिठाचा कर या वेळी सव्वा रुपयावर उतरला, आणि अडवणुकीने काहीच साधले नाही असे म्हणणाऱ्यांना हे एक उत्तर सापडले. मध्यप्रांतात तर डॉ. मुंजे यांच्या सहकाऱ्यांनी मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपये ठरवले. मंत्री गेले, राज्यकारभार गव्हर्नरांच्या हाती गेला. शाळा, दवाखाने ही लोकांच्या हाती आलेली खातीही त्याबरोबर गेली, याची टोचणी पुढे अनेकांना लागली.

अशा स्थितीत १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास अधिवेशन भरले. अध्यक्ष महात्मा गांधी. राष्ट्रसभेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले ते या एकाच वेळी. बेळगावास अशा समेटाचा अनुभव नवा नव्हता. १९१६ च्या प्रांतिक परिषदेत टिळकपक्षाने राष्ट्रसभेत परतण्याचा निर्णय येथेच घेतला होता. या वेळी व्यवस्थेचा भार गंगाधरराव देशपांडे यांच्यावर होता. हे हुदलीचे जहागीरदार टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. टिळकांमागून ते गांधींच्या मागे उभे राहिले आणि नाफेरवादी झाले. कर्नाटक प्रांतिक समितीची धुरा वाहणाऱ्या या गृहस्थांना मराठी आणि कन्नड सारखीच आपली होती. टिळकवाडीनजीक मंडप उभारला गेला, विहीर खणली गेली. गांधींसाठी बांधलेली खादीची कुटी पाहून, झोपडी मागितली आणि राजवाडा मिळाला, अशी तक्रार त्यांनी केली.

तेथे झाले ते असे. नोव्हेंबरात कलकत्त्यास गांधी, दास आणि मोतीलाल यांनी केलेला करार अधिवेशनाने मान्य केला. परदेशी कापडावरील बहिष्कार तेवढा ठेवून असहकार तहकूब झाला. कायदेमंडळातील काम स्वराज्य पक्षाने राष्ट्रसभेच्या वतीने करावे असे ठरले. उलट बाजूने, सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी दरमहा २,००० वार सूत द्यावे, ही गांधींची अट स्वराज्यवाद्यांनी पत्करली. सूत कातण्यावर मनापासून विश्वास नसलेल्यांनी सुताला आणि कौन्सिलावर विश्वास नसलेल्यांनी कौन्सिलाला मान तुकवली. गंगाधररावांसारख्या नाफेरवाद्यांना हा घास गिळणे सोपे नव्हते; पण फूट टळली.

दिल्लीत मात्र साथ टिकली नाही. १९२५ साली जीनांच्या गटाने सरसकट अडवणुकीस नकार दिला आणि अर्थविधेयक संमत झाले. त्याच वर्षी मध्यप्रांतातील श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. त्यावरून पक्ष दुभंगला. केळकर, जयकर, मुंजे प्रतियोगी सहकाराकडे वळले. सुताची अट तर १९२५ च्या सप्टेंबरातच सैल झाली होती. ८ मार्च १९२६ रोजी अंदाजपत्रकाच्या चर्चेतून मोतीलालजी आपल्या अनुयायांसह सभागृहाबाहेर पडले.

मिठाचा तंटा मतदानाने मिटला नव्हता. १९३० साली तो दांडीला गेला, आणि कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर.