चोरून घेतलेला घास

सणाच्या दिवशी आम्ही मित्रमंडळी एकत्र स्वयंपाक करतो. कुणी कणीक मळतो, कुणी पुऱ्या लाटतो. कोणाचा हात कशाला लागला, याची नोंद कोणी ठेवत नाही. हा आनंद आम्हांला आयता मिळाला आहे.

१८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेला तो चोरून मिळवावा लागला. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे सभेच्या धुरीणांपैकी एक. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे हा तिच्या दीक्षाविधीचा भाग होता; जातिभेद मोडून एकत्र जेवणे हे तिचे व्रत. बहिष्काराच्या भयाने सारे गुप्त ठेवले जाई. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली आणि सभाच मोडली.

या मंडळींना भित्रे म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांच्या एका घासात पणाला लागण्याजोगे काही होते. आमच्या पंगतीची यादी आम्ही मनाशी करून पाहिली. ती खुशाल जाहीर करता येईल अशीच निघाली. कारण तीतली बहुतेक आडनावे एकाच आळीतली होती.