कुंडल रोडला उतरा

बेळगाव, 1904

तुम्ही वीस वर्षांचे आहात. मॅट्रिकची परीक्षा हातची गेली आहे आणि घरी तुमच्याशी कोणी धड बोलत नाही. गावात कोणीतरी सुचवले, सायकलवाल्या किर्लोस्करांकडे विचारून बघ. तुम्ही विचारलेत आणि दुसऱ्या दिवशीपासून कामाला लागलात.

कारखाना म्हणजे एक मध्यम आकाराची शेड. आत तेलाचा आणि तापल्या लोखंडाचा वास. एका बाजूला कडबा कापायची यंत्रे जुळवली जात आहेत. अंगणात रांगेने ठेवलेत लोखंडी नांगर. ते तयार होऊन वर्ष झाले तरी गिऱ्हाईक नाही. शेतकरी येतात, हात लावून बघतात, वजनाचा अंदाज घेतात आणि मान हलवून निघून जातात. अख्खा लोखंडाचा नांगर घातला तर जमिनीत विष भिनेल, पीक मरेल, अशी धास्ती गावोगाव पसरली आहे. सकाळी आल्यावर त्या नांगरांवरची धूळ पुसणे हे तुमचे पहिले काम.

मालक रोज त्यांच्यापाशी येऊन उभे राहतात. अंगाने बारीक, बोलणे थोडे. तुम्हाला वाटते, आता हा माणूस चिडेल, शेतकऱ्यांना अडाणी म्हणेल. तसे होत नाही. ते पुन्हा कामाला वळतात. कडबा कापायची यंत्रे खपत आहेत, तोवर नांगराला वाट बघता येते.

दुपारी भाकरी सोडताना एक वयस्कर मिस्त्री तुम्हाला मालकांची हकिकत सांगतो. लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले होते. तिथे कळले की त्यांचे डोळे काही रंग ओळखतच नाहीत. चित्रकाराला याहून मोठा घाव कोणता? पण रंग गेले तरी रेषा शाबूत होती. ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियनाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींच्या धंद्यात पूर्ण वेळ उतरले. त्या दुकानाची सुरुवात 1888 ची.

मिस्त्री हात धुऊन उठतो. तुम्ही मात्र तिथेच बसून राहता. दोनदा दार बंद झालेला माणूस तुम्हाला नोकरी देतो आणि तुमच्या नापास होण्याबद्दल अवाक्षर काढत नाही, याचा अर्थ आता कुठे तुमच्या ध्यानात येतो.

पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ज्या दिवशी अंगणातले नांगर बैलगाडीवर चढतात, त्या दिवशी तुम्ही स्वतः ते उचलून देता.

कुंडल रोड, 10 मार्च 1910

नांगर खपू लागला आणि नेमक्या त्याच सुमारास बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. जमवलेले सगळे उचलून न्यायचे तर कुठे? उत्तर औंधहून आले. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कलेचे आणि हुन्नराचे भोक्ते. त्यांनी 32 एकर जमीन आणि 10 हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. जागा कोणती निवडायची हे लक्ष्मणरावांवर सोपवले. लक्ष्मणरावांनी रेल्वे बघितली. माल आणायचा आणि न्यायचा तर रूळ जवळ हवेत, म्हणून हे छोटेसे स्टेशन.

तुम्ही मीटरगेजच्या गाडीतून फलाटावर उतरता. डोळ्यांसमोर उघडा माळ. माणसाच्या उंचीचा निवडुंग, मधून मधून खडक, कुठे सावली नाही. मार्चचे ऊन डोक्यावर आहे. निवडुंग तोडायला घेतलात की बुडातून साप निघतात. पाणी लांबून आणावे लागते. बेळगावहून सुटे करून आणलेले यंत्रांचे भाग उघड्यावर पडलेत आणि हे सगळे पुन्हा उभे राहील यावर, खरे सांगायचे तर, तुमचा विश्वास बसत नाही.

मग तुम्ही आसपासची माणसे न्याहाळू लागता. वसाहत कशी बसवायची, घरे कुठे, रस्ता कुठे, हे सगळे रामूअण्णा बघत आहेत. यंत्रांची जबाबदारी शंभोराव जांभेकरांची. हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. के. के. कुलकर्णी पडेल त्या कामाला धावतात. आणि साच्याच्या वाळूत गुडघे टेकून बसलेले अनंतराव फळणीकर तर शाळा अर्धवट सोडलेले. पण एखादा भाग बिघडला की सगळे त्यांच्याकडे बघतात, कारण युक्ती त्यांच्याच डोक्यातून निघते.

रात्री तुमची झोप उडते. अंधाराने नाही, पहाऱ्यावर कोण आहे ते कळल्यामुळे. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघेही गुन्ह्याची शिक्षा भोगून आलेले. गावाने त्यांना उंबऱ्याशीही उभे केले नसते आणि इथे सगळा कारखाना त्यांच्या भरवशावर झोपला आहे. तुम्ही उशाखालची पैशांची पुरचुंडी चाचपत राहता. पहाटे डोळा लागतो. उजाडते तेव्हा पुरचुंडी जागच्या जागी असते आणि दोघे चुलीपाशी हात शेकत असतात. महिन्याभरात पुरचुंडीची तुम्हाला आठवणही राहत नाही.

इथे लक्ष्मणरावांची रीत तुम्हाला पहिल्यांदा नीट दिसते. माणसात काय कमी आहे याची यादी जगाने आधीच करून ठेवलेली असते. ती त्यांना पुन्हा करायची नसते. उरलेले काय आहे, ते शोधायचे आणि त्यावर काम सोपवायचे. माळाबाबतही त्यांनी हेच केले. पाणी नव्हते, माती नव्हती, रेल्वे होती. तेवढ्यावर त्यांनी पाय रोवला.

किर्लोस्करवाडी, पहिल्या महायुद्धाची वर्षे

माळावरच्या वसाहतीला आता किर्लोस्करवाडी म्हणतात. विलायतेत युद्ध पेटले आहे आणि बाहेरून येणारे लोखंड आटले आहे. ओतशाळेत तुम्ही आता मुकादम आहात. भट्टी थंड पडली तर नांगर थांबतील, आणि नांगरांना तर आता मागणी आहे.

अशात कोल्हापूरहून छत्रपती शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. त्या वाडीत आल्या त्या दिवशी कोणी फार बोलले नाही. तोफेच्या अंगावरून तुम्ही हात फिरवता. मग घण पडतो, तुकडे होतात, भट्टी तापते. लाल रस साच्यात उतरतो आणि थंड झाल्यावर वाळू झटकून तुम्ही बाहेर काढता तो नांगराचा भाग.

धातू ओळखीच्या माणसाने मागितला म्हणून मिळाला, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता येईल. पण दहा-पंधरा वर्षांत शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोचलेले नाव नसते, तर गडावरच्या तोफा कोणी कोणाला दिल्या असत्या? संकटात मदत येते ती आधी कमावलेल्या भरवशावर.

युद्ध सरते आणि वाडी वाढत राहते. घरे झाली, शाळा झाली. इथे अस्पृश्यता पाळायची नाही, हा वसाहतीचा नियम आहे. 1920 मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ‘किर्लोस्कर खबर’ सुरू करतात. त्यातून पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक घडते आणि 1930 मध्ये ‘स्त्री’ निघते. नांगर करणाऱ्या गावातून महाराष्ट्राच्या घराघरात वाचायला नवे विचार जाऊ लागतात. आणि निवडुंगाच्या या माळावर वाढलेला लक्ष्मणरावांचा मुलगा शंतनू अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून परत येतो.

आता

तुम्ही तुमच्या काळात परतला आहात. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले. शंतनुरावांनी तोवर पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला होता. कुंडल रोड स्टेशनला आज किर्लोस्करवाडी म्हणतात.

यशस्वी माणसांच्या चरित्रांतून आपण सहसा धाडस, चिकाटी, दूरदृष्टी असे शब्द टिपून घेतो. लक्ष्मणरावांकडे हे सगळे होतेच. पण तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करून आला आहात. त्यामुळे तुम्हाला ठाऊक आहे की या तिन्हींच्या खाली आणखी एक सवय होती, आणि ती शिकता येते. स्वतःचे डोळे रंगांना मुकले तेव्हा त्यांनी रेषेचा आधार घेतला. हीच नजर त्यांनी पुढे प्रत्येक माणसावर ठेवली. म्हणून शाळा अर्धवट सोडलेला कारागीर त्यांना मिळाला, शिक्षा भोगलेला राखणदार मिळाला, आणि अशाच माणसांमुळे वाडी उभी राहिली.

हे काम सोपे नाही. विश्वास टाकणाऱ्याला तो मोडण्याची जोखीम घ्यावी लागते, आणि निकाल लागायला कधी दोन वर्षे लागतात, कधी दहा. तेवढी वाट बघण्याची तयारी नसेल, तर माणसे घडवण्याच्या गप्पा मारू नयेत.

उद्या तुमच्यासमोर कोणी अर्ज घेऊन बसेल. त्याला काय येत नाही, ते कागदावर लिहिलेले असेलच. त्याला काय येते ते शोधा, त्याजोगते एक काम द्या, आणि दिल्यावर ते त्याचेच राहू द्या.