जामीनदारापासून सभासदापर्यंत

स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांची शुश्रूषा आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या घरातच होत आली. परंतु जे कर्म माजघरात, बहुधा पत्नीच्या अगर सुनेच्या हातून घडते त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसल्यामुळे, शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा इतिहास अलिखितच राहिला. सरकारी कागदात या माणसाचा प्रवेश झाला तोही शुश्रूषा करणारा म्हणून नव्हे, तर जामीनदार म्हणून. वेड्यांच्या इस्पितळांसंबंधी १८५८ साली जो कायदा झाला, त्यात मोकाट हिंडणाऱ्या वेड्यास पोलिसांनी पकडून मॅजिस्ट्रेटपुढे रुजू करावे, आणि एखाद्या आप्ताने त्याचा नीट सांभाळ करण्याचा मुचलका लिहून दिल्यास त्यास त्या आप्ताच्या हवाली करावे, अशी तजवीज होती. सांभाळ कसा करावा, आणि सांभाळ करणाऱ्याचा सांभाळ कोणी करावा, याविषयी कायद्यास काहीच सांगावयाचे नव्हते.

हा सांभाळ गावात कसा चाले, हे पाहावयास मेहरूण घ्यावे. तलावासाठी आणि बोरांसाठी ख्यात असलेले हे जळगावच्या कुशीतले गाव. १८६४ साली जळगावास नगरपालिका आली, १९०६ साली खानदेशाची वाटणी होऊन ते पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे झाले, आणि २००३ साली तेथे महापालिका स्थापन झाली. परंतु कारभाराचा हा विस्तार होत असताना राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये मात्र ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी या चार ठिकाणीच राहिली. तेव्हा मेहरूणसारख्या गावी एखादा म्हातारा घरची वाट विसरला, तर त्याचा बंदोबस्त गावानेच करावयाचा. शेताकडे जाणारा कोणी त्यास तलावाच्या वाटेवर ओळखी, हाताला धरून घरी आणून सोडी, आणि ‘म्हातारचळ लागला’ एवढ्या निदानावर सर्वांचे समाधान होई. या व्यवस्थेत माया होती, हे नाकारता येणार नाही. पण रात्री तीन वेळा उठून कडी तपासणाऱ्या, जेवण झाल्यावरही ‘मला कोणी जेवू घातले नाही’ ही तक्रार पाहुण्यांदेखत निमूटपणे ऐकणाऱ्या सुनेची विचारपूस तीत नव्हती. गावाची नजर म्हाताऱ्यावर असे, तिच्यावर कोणाचीच नसे.

पाश्चात्त्य वैद्यकातही काही निराळे घडले नाही. ज्या १९०१ साली ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले, त्याच साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आउगुस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीस तिच्या पतीने दाखल केले. ती १९०६ साली वारली, आणि त्याच वर्षी तिला तपासणारे डॉ. अल्झायमर यांनी तिच्या स्मृतिभ्रंशाच्या विकाराचे व मेंदूतील विकृतीचे वर्णन ट्यूबिंगेन येथील सभेत वाचून दाखविले. १९१० साली मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात त्या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले. रोग्याचे नाव राहिले, वैद्याचे नाव तर रोगासच मिळाले. पत्नीचा बदलता स्वभाव घरात सोसून अखेर तिला इस्पितळाच्या दारापर्यंत आणणारा पती मात्र इतिहासात केवळ दाखल करणारा म्हणून उरला.

मनोरुग्णांच्या कुटुंबीयांना प्रथम इस्पितळाच्या आवारात जागा मिळाली ती, अभिमानाने सांगावे, आपल्याच देशात. १९५०नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांना तेथे राहावयास बोलाविले. १९५७ साली सुरू झालेल्या वेल्लोरच्या मानसोपचार केंद्रानेही रुग्णासोबत घरचे माणूस असावे असा पायंडा पाडला. शेजारच्या तंबूत आपल्याच दुःखाचे दुसरे माणूस राहते आहे, हे जेव्हा नातलगांना दिसले, तेव्हा औषधाने न होणारे एक काम आपोआप सुरू झाले. पुढे १९७९ साली इंग्लंडात व १९८० साली अमेरिकेत स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठी संस्था निघाल्या, १९८४ साली त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला, आणि १९९२ साली केरळात डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने भारतीय संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात १९८६ साली पुण्यात निघालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसांच्या पत्नींना एकत्र बसविले, आणि पार्किन्सन मित्रमंडळाने रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांना एकाच सतरंजीवर आणले. जामीनदार येथे सभासद झाला.

मात्र ज्यास घर सोडून सभेस येताच येत नाही त्याचे काय, या प्रश्नाचे सर्वांत व्यवहारी उत्तर गोव्यात मिळाले. तेथे स्थानिक भाषा जाणणाऱ्या व बेताचे शिक्षण असलेल्या माणसांना थोडे प्रशिक्षण देऊन सहा महिने पंधरवड्यातून निदान एकदा कुटुंबांच्या घरी पाठविण्यात आले. एक्क्याऐंशी कुटुंबांवरील या प्रयोगाचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. रुग्णांत निर्विवाद म्हणावी अशी सुधारणा आढळली नाही. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांचा मनस्ताप निश्चित कमी झाला. रोग हटला नसताही घर सावरू शकते, हा या वृत्तांताचा मथितार्थ होय.

भारतात साठीपुढील दर शंभर माणसांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसे स्मृतिभ्रंशाने पीडित असावीत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. जेथे मुले पुण्यास नोकरीला गेली आणि शेताच्या वाटेवर वसाहती उठल्या, त्या आजच्या मेहरूणमध्ये शुश्रूषा करणाऱ्यांची अशी सभा भरवावयाची झाल्यास या इतिहासातून काही जाबता सहज निघतो. पहिली तजवीज व्याख्यात्याची नव्हे, तर सभेच्या वेळी म्हाताऱ्यापाशी कोण बसणार याची करावी. शेजारच्या खोलीत दोन विश्वासू माणसे बसविल्यावाचून सभेस येईल तो केवळ ज्यास गरज कमी आहे असाच माणूस. खानदेशच्या वैशाखात दुपार टाळावी, दिवस महिन्याचा एकच ठरवावा, आणि माणसे दहाबारांहून अधिक नसावीत. डॉक्टरांना पाव तास द्यावा. उरलेला वेळ घरच्या बोलीत बोलणाऱ्यांचा. जेथे भाऊबंदकी आणि सोयरिकी एकाच आळीत नांदतात तेथे सभेतील गोष्ट सभेबाहेर जाणार नाही, हा करार आरंभीच व्हावा, आणि सासू वा नवरा समोर असता सुनेस बोलता येत नाही हे जाणून सुनांची बैठक वेगळी ठेवावी. भिशी आणि भजनी मंडळ चालविणाऱ्या स्त्रियांना वेळेवर जमणे व एकमेकींची नड भागविणे कोणी शिकवावयास नको. त्यांच्याकडेच हे काम सोपवावे. आणि ज्या घरातून कोणीच येऊ शकत नाही, त्या घरी सभेनेच दोघींना धाडावे. कायद्याने ज्याच्याकडून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मुचलका लिहून घेतला, त्याला समाजाने काय लिहून दिले, याचा हिशेब अद्याप व्हावयाचा आहे. तो चुकता करण्यास महिन्यातील एक सकाळ ही फार मोठी रक्कम नव्हे.