एक पाटा जास्त : वऱ्हाडच्या वाटा, जुनी जीप आणि कमानींचा इतिहास

१/
"भाऊ, मांगं एक पाटा वाढवून द्या."
जुन्या जीपच्या मालकांची ही मागणी वऱ्हाडातील गॅरेजांत वर्षानुवर्षे ऐकू येत आली आहे. या साध्या वाक्यामागे बैलबंडी, टांगा, दुसरे महायुद्ध आणि काळी-पिवळी असा मोठा इतिहास आहे. पाटा वाढवल्याने जीप खरोखर सुधारते का, या प्रश्नाचे उत्तरही त्याच इतिहासात सापडते. (थ्रेड)

२/
आरंभ मातीपासून. मूर्तिजापूर पूर्णा नदीच्या खोऱ्यात आहे आणि हा मुलूख खोल काळ्या मातीचा. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता म्हणूनच फार काळ एका पातळीत राहत नाही. शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यांवर तर पावसाळ्यात पाय ठेवणेही अवघड होते.

३/
या मातीवर शतकानुशतके मालासाठी बंडी आणि सवारीसाठी दमणी किंवा रेंगी चालली. बंडीला कमान नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आसाला ओंगण, एवढेच. खड्ड्याचा हिसका थेट वर बसलेल्याच्या मणक्यापर्यंत पोहोचे. पण वेग बैलाच्या चालीएवढाच असल्याने तो सोसला जाई. कमानीची खरी गरज वेग वाढल्यावर भासू लागली.

४/
तो वेग आणला रेल्वेने. १८६७ पर्यंत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली आणि मूर्तिजापूर मुख्य मार्गावर आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन कंपनीने येथून अडीच फुटी रुळांचे दोन फाटे काढले : उत्तरेस दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूर, दक्षिणेस कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळ. कापसाच्या गाठींसाठी घातलेली हीच पुढची लाडकी 'शकुंतला'.

५/
त्या काळच्या रेल्वेच्या डब्यांखाली आणि स्टेशनाबाहेर उभ्या असणाऱ्या टांग्यांखाली एकच वस्तू होती : एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान. युरोपात घोडागाड्यांसाठी ती आधीच रुळली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटने लंबगोल कमानींवर गाडी तोलण्याचे पेटंट घेतल्यावर हलक्या गाड्यांचा प्रसार झपाट्याने झाला.

६/
कमानीची रचना अशी. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेले 'डोळे'. त्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे पाटे. मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळा गठ्ठा आसाला जखडणारे यू-बोल्ट. एक डोळा चॅसिसला पक्का, दुसरा झुलत्या शॅकलवर. कारण भार येताच कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते.

७/
या साध्या दिसणाऱ्या वस्तूकडे तीन कामे आहेत. ती भार पेलते. आसाला जागेवर धरून ठेवते, त्यामुळे वेगळ्या दांड्यांची गरज उरत नाही. आणि पाटे एकमेकांवर घासल्यामुळे उसळी थोडी शमवते. पहिले काम सर्वांना दिसते. उरलेली दोन सहसा विसरली जातात. पुढच्या बऱ्याच चुका या विस्मरणातून झाल्या.

८/
गणितही येथेच समजून घेण्याजोगे आहे. पाट्यांची संख्या दुप्पट केली तर कमानीचा ताठरपणा साधारण दुप्पट होतो. पण पाट्याची जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो, कारण जाडीचा परिणाम घनाने वाढतो. लांबीचा परिणाम याच्या उलट : कमान दहा टक्के लांब केली की ती सुमारे पंचवीस टक्के मऊ होते. म्हणजे 'एक पाटा' ही अपुरी माहिती आहे; तो किती जाड आणि किती लांब, हे खरे प्रश्न.

९/
आता जीप. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या वाहनाची मागणी केली. बँटम, विलिस आणि फोर्ड यांच्या नमुन्यांतून १९४१ मध्ये विलिस एमबी आकारास आली. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. पुढे दोन आणि मागे दोन अशा चार कमानींवर ती उभी होती. लष्कराच्या दप्तरी तिचा वर्ग होता 'पाव टन'. हा आकडा पुढे लागणार आहे.

१०/
गंमत अशी की जादा पाटा मूळ जीपमध्येच होता. तिच्या पुढच्या डाव्या कमानीखाली एक वेगळी आखूड स्प्रिंग जोडलेली असे. ती भार वाढवण्यासाठी नव्हती. ब्रेक लावताना आसाला येणारा पीळ रोखण्यासाठी होती. नेमका दोष हेरून, नेमक्या जागी केलेली ही सुधारणा. तिच्यातील शिस्त पुढच्या काळात फारशी पाळली गेली नाही.

११/
युद्धानंतर भारतात शिल्लक राहिलेल्या लष्करी जीपा विक्रीस निघाल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद कंपनीचे नाव फाळणीनंतर महिंद्रा अँड महिंद्रा झाले. मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी येथेच बनू लागली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये थांबली, भारतात तिचा वंश नंतरही कित्येक दशके चालला.

१२/
खेड्याला जीप प्रथम दिसली ती सरकारची. १९५२ च्या समूह विकास कार्यक्रमाने गटांच्या कचेऱ्यांत जीप आणली. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर 'बीडीओची जीप' हा शब्द गावोगावी रुजला. त्या जीपमध्ये चालक, साहेब, एखादा ग्रामसेवक आणि फायली असत. मूळ कमानींना एवढा भार जड नव्हता.

१३/
मग इंजिन बदलले. पेट्रोल महागले आणि डिझेलची मागणी वाढली. ऐंशीच्या दशकातील एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन आले. जुन्या पेट्रोल जीपांतही अनेकांनी गॅरेजात डिझेल इंजिने बसवून घेतली. वजनदार इंजिनाखाली पुढच्या जुन्या कमानी दबल्या. येथे पाटा वाढवणे रास्त होते, कारण भार कायमचा वाढला होता आणि किती वाढला हे मोजता येत होते.

१४/
खरी कसोटी आली ती काळी-पिवळीच्या काळात. शकुंतला तिच्या संथ चालीने चाले. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढत होते. एसटी प्रत्येक गावात प्रत्येक वेळी पोहोचत नसे. ही पोकळी लांब चॅसिसच्या जीपांनी आणि ट्रॅक्सनी भरली. बाजाराच्या दिवशी आत, मागच्या फळीवर, कधी टपावरही माणसे. त्यांच्यासोबत धान्याची पोती आणि शेळ्याही.

१५/
साधा हिशेब करावा. सरासरी ५५ किलोची सोळा माणसे म्हणजे ८८० किलो, सामान वेगळे. 'पाव टनी' पूर्वजाच्या आराखड्यातून वाढलेल्या वाहनावर हा भार. मागच्या कमानी उलट्या वळत, आस चॅसिसवर आदळे. उपाय एकच सुचे : मांगं एक पाटा वाढवून द्या. आणि तो लागूही पडे. जीप पुन्हा ताठ उभी राही. धोका नेमका याच ठिकाणी होता.

१६/
कारण भार नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. कमानीने वाकायचे नाकारले की तोच हिसका शॅकलकडे, चॅसिसच्या रिव्हेटांकडे, आसाच्या नळीकडे आणि प्रवाशाच्या पाठीकडे जातो. ब्रेकचे ड्रम तेच राहतात, टायर तेच राहतात. गाडी मात्र आणखी चार माणसे घेण्यास तयार दिसते. दबलेली कमान ही तक्रार होती. जादा पाट्याने त्या तक्रारीचे तोंड बंद केले.

१७/
परतीची रिकामी फेरी तर अधिक कठीण. सोळा जणांसाठी ताठ केलेली कमान दोघांना घेऊन धावताना वाकतच नाही. मागची चाके खडबडीत रस्त्यावर उसळतात, उसळलेले चाक ब्रेक मानत नाही आणि वळणावर मागची बाजू सुटते. मुख्य पाट्याचा डोळा तुटला तर आसच जागचा सरकतो. म्हणून जुन्या लष्करी धाटणीत दुसरा पाटाही मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती गुंडाळलेला असतो. गावठी वाढीव पाट्याला ही सोय नसते.

१८/
सुधारणेची दुसरी दिशा उंचीची. पांदण रस्त्यावर किंवा मेळघाटच्या पायथ्याशी पोट टेकू नये म्हणून लांब शॅकल लावतात. सीजे-३बी मध्ये कमान आसाच्या खाली असते. काही जण ती आसाच्या वर नेतात. गाडी उंच होते हे खरे. पण पुढच्या शॅकलची लांबी बदलली की किंगपिनचा कल बदलतो आणि स्टिअरिंग भटकू लागते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, ब्रेकचे होज ताणले जातात.

१९/
तिसरी दिशा आरामाची. लांब, पातळ पाटे. किंवा मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळते होणारे पॅराबोलिक पाटे. यात पाटे कमी आणि त्यांच्यात फट, म्हणून घर्षण कमी व चाल मऊ. मात्र उसळी शमवण्याचे जे काम घर्षण करत होते ते आता शॉक अॅब्सॉर्बरला करावे लागते. जुने, गळके शॉक तसेच ठेवले तर गाडी नावेसारखी डोलते.

२०/
जगात कमानीचा निरोप हळूहळू झाला. रेंज रोव्हरने १९७० मध्ये, लँड रोव्हर वन टेनने १९८३ मध्ये, तर अमेरिकी जीप रँग्लरने १९९६ मध्ये कॉइल स्प्रिंग स्वीकारली. भारतात १९८५ ची मारुती जिप्सी चारही बाजूंनी कमानींवर होती आणि शेवटपर्यंत तशीच राहिली. महिंद्राची २०१० ची थार मागे कमान बाळगून होती. २०२० च्या थारमध्ये ती नाही.

२१/
मग ती इतकी वर्षे टिकली कशी? कारण तिचा एकच पाटा बदलता येतो, तोही रस्त्याच्या कडेला, जॅक आणि पान्यांच्या जोरावर. मधला पाटा तुटला तरी गाडी हळूहळू घरी पोहोचते. लोहार थंड पाट्यावर घण मारून उतरलेली कमान पुन्हा देऊ शकतो, जरी ती फार दिवस टिकत नाही. तोच पाटा भट्टीत लाल केला आणि त्याला रीतसर पाणी दिले नाही, तर पोलादाचा लवचीकपणाच जातो.

२२/
जुनी जीप आज जतन करणाऱ्यांसाठी इतिहासाने क्रम ठरवून दिला आहे. आधी झिजलेले बुश, अडकलेले शॅकल आणि तुटके पाटे पाहावेत. पुष्कळदा दोष तेथेच असतो. मग गाडी काट्यावर तोलावी. कमानी दोन्ही बाजूंच्या जोडीनेच बदलाव्यात. बदल मोठा असेल तर कायदाही पाहावा : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून नोंदणीतील तपशील वेगळा करणाऱ्या फेरफारास मनाई करते.

२३/
अडीच फुटी रुळांवरची शकुंतला आता थांबली आहे. काळी-पिवळ्याही विरळ होत आहेत. त्यांचे मोडके पाटे मात्र वाया जात नाहीत. हे चिवट पोलाद लोहाराच्या भट्टीत जाऊन त्याचे विळे, कोयते, कुऱ्हाडी होतात. माणसांच्या भाराखाली वाकलेले पोलाद अखेर त्याच माणसांच्या हाती, त्याच काळ्या मातीत परतते.

२४/
पाटा वाढवल्याने जीप सुधारते का? भार किती, कोणाचा आणि कायमचा की घटकेचा, हे आधी मोजले असेल तर सुधारते. न मोजता वाढवला तर कमान वाचते, आणि वाकण्याची पाळी मागच्या फळीवर बसलेल्या माणसावर येते.
(समाप्त)