टिळकांच्या घरातली शाळा

आमच्या धामणगावला 'रेल्वे' हे आडनाव लागलं ते स्टेशनामुळे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि यवतमाळकडचा कापूस बैलगाड्यांत भरून आमच्या स्टेशनावर येऊ लागला. माझं बालपण त्या स्टेशनाच्या मागच्या बाजूला गेलं. आमचं घर मोहल्ल्यात, आणि मोहल्ला संपला की रेल्वेच्या क्वार्टरांची रांग. त्यातल्या एका क्वार्टरात एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. काका रेल्वेत नोकरीला, मावशी घरीच. तीन मुलं, अंगणात झेंडूचे वाफे, आणि दारात पाय पुसायला गोणपाट.

त्या घराची एक रीत होती. संध्याकाळी जेवणं लवकर व्हायची. मग काका पवित्र शास्त्रातला एखादा उतारा वाचायचे, सगळे मिळून एक गीत म्हणायचे, दोन मिनिटं डोळे मिटायचे. त्यानंतर मावशी भांडी तशीच बाजूला सारून मुलांना घेऊन सतरंजीवर बसायची. पाढे, शुद्धलेखन, तोंडी हिशेब. शाळेत जे डोक्यावरून गेलं असेल ते इथं डोक्यात बसायचं. मी त्यांच्या मुलाचा दोस्त, म्हणून मीही बसायचो. शेवटी, सगळ्यांनी नीट अभ्यास केला असेल तर, मावशी एका जुन्या पुस्तकातलं पान दोन पान वाचून दाखवायची. वाचता वाचता तिलाच हसू आवरायचं नाही. त्यात एक भोळी, पण जिभेची तिखट बाई होती आणि तिचा विक्षिप्त नवरा होता. कितीतरी दिवस मला वाटायचं, हे मावशीचेच कुणी नातेवाईक असावेत.

पुढे बी.ए.ला असताना ग्रंथालयात ते पुस्तक हाती आलं आणि पहिल्याच पानावर जुनी ओळख पटली. ते होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. आईचे वडील सत्तावनच्या उठावानंतर फासावर गेलेले. त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं, ते इतकं की बाजारातून घरात येणारी वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय चालत नसे. अशा घरातून वयाच्या अकराव्या वर्षी ती नारायण वामन टिळकांची बायको होऊन आली. शाळेचं शिक्षण नव्हतंच म्हणा. अक्षरओळख करून दिली ती नवऱ्यानं, तीही धड सलग नाही. टिळक कवी माणूस. लहर आली की शिकवायला बसायचे, चिडले की पुस्तक मिटायचं, आणि कधी घरातूनच न सांगता निघून जायचे. लक्ष्मीबाई चुलीपुढून उठून त्या तुटक धड्यांना बसत राहिली. जोडाक्षरं अडली तरी गोष्ट अडत नाही, हे तिला फार लवकर कळलं असावं.

टिळक नोकरीच्या शोधात नागपूरला आले, तिथून राजनांदगावला गेले. नाशिककडून नागपूरला यायचं तर दुसरी वाट नव्हती, आमच्या धामणगावावरूनच गाडी जायची. १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणं निघालं, आणि उतरताना त्यानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. एका प्रवासातल्या भेटीचा केवढा परिणाम व्हावा! १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढची काही वर्षं आपण 'कौटुंबिक सुख' हा शब्द उच्चारताना विसरतो. बायको एकीकडे, नवरा दुसरीकडे. लहानगा दत्तू आईजवळ. नातेवाइकांचे टोमणे, पंढरपूरसारख्या ठिकाणी काढलेले दिवस, आणि मध्ये फक्त पत्रं. त्या दिवसांत तिच्या कामी आली ती घरात मिळवलेली तोडकीमोडकी अक्षरं. नवऱ्याची पत्रं तिला वाचता येत होती. पुढे ती त्यांच्याकडे गेली, पण धर्म बदलून नव्हे. आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवून राहिली. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एकदा तिनं स्वतःशीच विचार करून निकाल लावला, की जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्या आहेत. सोवळं गळून पडलं. १९०० साली तिनं आणि दत्तूनं बाप्तिस्मा घेतला. सोवळ्यात वाढलेल्या मुलीनं हा धडा कुणी शिकवल्यावाचून घेतला, ही गोष्ट मला तिच्या साऱ्या शिक्षणात मोठी वाटते.

अहमदनगरचं टिळकांचं घर (आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर आहे) हे मराठी ख्रिस्ती कुटुंबजीवनाचं एक ठळक चित्र. मिशनची नोकरी, पगार बेताचा, आणि आलेला पैसा टिळकांच्या हाती टिकायचा नाही. कुणी मागितला की दिला. घर चालवायचं लक्ष्मीबाईनं. तरी घरात माणसं मावायची नाहीत. दुष्काळानं पोरकी झालेली मुलं आली. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून टिळकांची ओळख, ती अशा मुलांनी भरलेल्या घरातली. जळगावच्या १९०७च्या कविसंमेलनात ज्या पोरसवद्या त्र्यंबक ठोंबऱ्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली, तोही काही काळ या घरात राहिला. लक्ष्मीबाईनं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. भजनं लिहिली जायची ती आधी घरात म्हटली जायची. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, त्यामुळे या घराची प्रार्थना ऐकताना मराठी माणसाला परकं वाटण्याचं कारण नव्हतं. आजही मराठी ख्रिस्ती घरात नाताळ आला की करंज्या, चकल्या, शंकरपाळे होतात. आमच्या मावशीकडून डबा भरून यायचा आणि ईदला आमच्याकडून शिरखुर्म्याचं पातेलं जायचं.

घरातच शिकलेली लक्ष्मीबाई ही पहिली नव्हे. तिच्या आधी दहा वर्षं, १८५८ साली, पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून शास्त्री मंडळींचा रोष ओढवून घेतला आणि गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. रमाबाई शिकण्याजोग्या झाल्या तेव्हा वडील थकलेले होते. मग आईनं शिकवलं. दिवसभर घरकाम, पाहुणे, विद्यार्थी. वेळ उरायचा तो फक्त पहाटेपूर्वीचा. आई लेकीला लाडानं जागी करायची आणि अंधारात, पाखरं बोलू लागण्याच्या सुमारास, संस्कृतचे पाठ तोंडी करून घ्यायची. त्या विद्येवर १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीला 'पंडिता' म्हटलं. १८८२ साली तिनं 'स्त्री धर्मनीति' लिहिलं. त्यात बायकांनी विद्या का घ्यावी हे आहे, तसंच घर कसं सांभाळावं, मुलं कशी वाढवावीत हेही आहे. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये तिनं आपल्या लेकीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पण पाहा, घरी शिकलेल्या या बाईनं घरातल्या शाळेवर समाधान मानलं नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं. ज्यांना घरच नाही, किंवा ज्यांच्या घरात शिकवणारं कुणी नाही, अशा मुलींनी कुठं जावं, हा तिचा प्रश्न होता. मुक्ती सदनात बायका छपाईसुद्धा शिकल्या आणि रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबल तिथल्या छापखान्यात छापलं. घरातली शाळा चांगलीच, पण सगळ्यांच्या नशिबी अनंतशास्त्री नसतात.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचं महाकाव्य अपुरं राहिलं होतं. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय तेवढे झालेले. ते पुरं केलं लक्ष्मीबाईनं, साठाहून अधिक अध्याय लिहून. ज्या मास्तरनं चिडून पुस्तक मिटलं होतं, त्याचं काम त्याच्या विद्यार्थिनीनं पुरं केलं! दत्तूच्या, म्हणजे देवदत्त टिळकांच्या आग्रहानं तिनं आठवणी सांगितल्या, लिहिल्या. १९३४पासून 'स्मृतिचित्रे' चार भागांत आलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी ती गेली, शेवटचा भाग तिच्या मागून आला. १९५० साली 'स्मृतिचित्रे' इंग्रजीत गेलं, आणि २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला. मराठीतल्या आत्मचरित्रांत त्याची जागा कुठं आहे हे वाचकांना मी सांगायला नको.

या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा दिसते ती त्या क्वार्टरातली सतरंजी. टिळकांच्या घरात काय, डोंगऱ्यांच्या घरात काय, आनंद आला तो स्वयंपाक करणारी बाई धड्याला येऊन बसली म्हणून. ती नुसती चहा देऊन आत गेली असती तर आज आपण तिचं नावही घेतलं नसतं.

आता माझी गोष्ट. माझी अम्मा दुपारी मोहल्ल्यातल्या मुलींना कायदा शिकवायची, पुढे कुरआन शरीफ. मांडीवर सूप, हात निवडण्यात, आणि कान मुलींच्या उच्चाराकडे. एक जबर चुकली तरी मान वर व्हायची. म्हणजे आमच्या घरातही शाळाच होती. पण अम्माला देवनागरी येत नव्हती. एकदा मावशी मला म्हणाली, "तुझ्या अम्माला संध्याकाळी घेऊन ये की रे. दोघी मिळून वाचू. मी तिला अक्षरं दाखवीन, ती मला तिची दाखवील."

तो निरोप मी अम्माला सांगितलाच नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण तसं नव्हतं. त्या सतरंजीवर आमच्या घरातला मी एकटाच होतो आणि मला ते आवडत होतं. शिवाय वाटलं, अम्मा काय करील मराठी वाचून? पुढे काकांची बदली झाली, ते लोक गेले.

माझ्या कविता छापून येऊ लागल्या तेव्हा अम्मा अंक हातात घ्यायची, माझ्या नावावरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "क्या लिखा रे तूने? पढ के सुना." मी सुनवायचो. घाई असली की दोन कडवी गाळायचो. तिला कळायचं नाही असं मी समजत होतो. एकदा म्हणाली, "आज छोटी है क्या?" अम्माला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

हल्ली आमच्या घरी संध्याकाळी नात अभ्यासाला बसते. पाढा चुकला की माझी बायको स्वयंपाकघरातूनच ओरडून दुरुस्त करते. मी उठतो, गॅस बंद करतो आणि तिला बाहेर सतरंजीवर बोलावतो. ती कुरकुरते, पण येते. त्या दिवशी भाकरी थोड्या उशिरानं होतात.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)