शेर गेला, किलो आला, तेलाचं काय?

मैत्रिणींनो, आपल्या आज्या तेल पावशेर, अच्छेर मापाने घेत. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं येऊ लागली; शेर गेला, किलो आला. तेल मात्र कुठे किलोने, कुठे लिटरने विकलं जात राहिलं. ही दोन्ही मापं सारखी नाहीत. तेल पाण्याहून हलकं, म्हणून लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅमच भरतं. शिवाय तापलं की ते फुगतं. काही कंपन्या पिशवीवर ६० अंशाला मोजलेलं लिटर छापत. त्यात तेल आणखी कमी बसे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने तापमान न छापता लिटर आणि वजन दोन्ही बरोबर छापायला सांगितलं. गटासाठी तेल घेताना आपण ग्रॅमच वाचू. ९१० ग्रॅमला १८२ रुपये, म्हणजे किलोला २००!