पट दिवसाचा, नाटक रात्रीचे

मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी धावली. तेव्हापासूनच्या विजेत्या घोड्यांची नावे, त्यांची वंशावळ, स्वारांची नावे, सारे नोंदलेले आहे. आमच्या झाडीपट्टीत घोडा नाही, बैल धावतो. आणि कोणत्या साली कोणाची जोडी जिंकली हे त्या गावातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावे लागते. पण या शर्यतीने मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र डर्बीच्या वाट्याला आलेली नाही. ती म्हणजे रंगभूमी.

शंकरपट ही सरळ धावपट्टीवरची शर्यत. हलका छकडा, दोन बैल आणि त्यांना हाकणारा धुरकरी. वळण नाही, चढ नाही. पुणे जिल्ह्यातल्या घाटांत बैलांपुढे घोडी पळते. इकडे बैलांपुढे मोकळी वाटच असते. धानाची कापणी-मळणी आटोपली, शेत रिकामे झाले, हातात थोडा पैसा आला की पटाचे दिवस येतात. लेकी-जावई, सोयरे गावोगावहून जमतात. दिवसभर पट पाहिल्यावर ही पाहुणेमंडळी जंगलवाटेने रात्री परतणार कशी? त्यांना रात्रभर गुंतवून ठेवणे ही यजमान गावाची जबाबदारी. दंडार, खडीगंमत आणि पुढे तीन अंकी संगीत नाटक या जागरणात वाढले. प्रयोग पहाटेपर्यंत का चालतो, विनोदी पात्र पुन्हा पुन्हा का येते, याचे उत्तर संहितेत शोधणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही म्हणूनच आधी पटाच्या मैदानावर जायला सांगतो. (वर्गात आम्हीही अनेक वर्षे संहिताच शिकवीत आलो, हे कबूल केले पाहिजे.)

वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, या व्यवहाराचे केंद्र झाले. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचे हे गाव. बाहेरचे कलावंत येथे उतरतात, नाट्यमंडळांची कार्यालये येथे आहेत आणि गावोगावची मंडळी नाटक ठरवायला येथेच येतात. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव दिल्लीपर्यंत पोहोचले.

पट मात्र मध्येच थांबला. २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलांच्या खेळांवर बंधन घातले आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. आरी टोचणे, शेपटी पिरगाळणे हे प्रकार घडत नव्हते असे कोणी म्हणू नये. त्यावरचा आक्षेप आम्हाला मान्यच आहे. राज्याने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरविली.

या मधल्या वर्षांत नाटक बंद पडले नाही. मंडईच्या निमित्ताने, कुठे नुसत्या नाटकासाठीच, पडदा उघडत राहिला. पाहुणा म्हणून आलेले नाटक एव्हाना घरचे झाले होते. आता पट परतला आहे, आणि काही गावांत तर नाटकाची तारीख आधी ठरते, बैलांची मागाहून.